गरम झाल्यावर चढावर ताकद सोडणारी जुनी पेट्रोल गाडी: दोष कसा शोधावा

कार्बोरेटरवर चालणारी मारुती ८००, ओम्नी किंवा जुनी झेन, तसेच २००० च्या आसपास आलेल्या पहिल्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल देणाऱ्या) गाड्या अजून वापरणाऱ्यांची एक तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत ऐकू येते. गाडी गावात व्यवस्थित चालते, सपाट रस्त्यावरही कुरकुरत नाही, पण अर्धा-पाऊण तास सलग चालल्यानंतर घाट लागला की दम टाकते. तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा तो चढ दुसऱ्यात, मग पहिल्यात चढावा लागतो आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवूनही इंजिन दाद देत नाही. बाजूला उभी करून चहा घेतला आणि पुन्हा सुरू केली, की काही झालेच नव्हते अशी ती चालू लागते. त्यानंतर प्लग बदलले जातात, एअर फिल्टर बदलला जातो, कार्बोरेटर उघडून धुतला जातो, आणि पुढच्या घाटात सगळे पुन्हा तसेच घडते.

हा दोष गॅरेजमध्ये सहसा सापडत नाही, याचे कारण सरळ आहे. गॅरेजमध्ये इंजिनावर भार नसतो, बॉनेटखाली घाटातली उष्णता नसते आणि पेट्रोलची मागणीही नसते. न्यूट्रलमध्ये रेस देऊन इंजिन कितीही छान वाजले, तरी चढावरच्या वागणुकीविषयी त्यावरून फारसे काही कळत नाही. म्हणून अशा गाडीच्या बाबतीत दोष प्रत्यक्ष हजर असताना जे दिसते तेच प्रमाण मानावे, आणि त्यातही गाडी ताकद कशी सोडते यापेक्षा ती ताकद कशी परत मिळवते, याकडे अधिक बारकाईने पाहावे. थांबल्यावर लगेच बरी होणारी, पाच मिनिटांनी बरी होणारी, इंजिन निवल्यावरच बरी होणारी आणि थांबूनही बरी न होणारी, या चार गाड्यांचे दोष बहुतेक वेळा निरनिराळे असतात.

मात्र इंजिनाला हात लावण्यापूर्वी दोष इंजिनाचाच आहे याची खात्री करून घ्यावी. घाट चढून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्ट जास्त तापले असेल, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटून राहत आहे. जुन्या गाड्यांत हँडब्रेकची केबल गंजून मागचे ड्रम पूर्ण सुटत नाहीत, हा प्रकार पावसाळ्यानंतर फार आढळतो. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही. सपाट मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर एकदम दाबला की हे कानाला लगेच कळते. तिसरी तपासणी इतकी साधी आहे की ती कोणी करत नाही. एकाने आत बसून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा आणि दुसऱ्याने थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा पडदा) पूर्ण उघडतो का ते पाहावे. ताणलेली केबल किंवा पेडलखाली सरकलेली जाड मॅट यांमुळे पाव ताकद कायमची गेलेली असते, आणि मालकाला त्याची इतकी सवय झालेली असते की तीच गाडीची मूळ ताकद वाटू लागते.

उंचीचाही हिशेब डोक्यात ठेवावा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी कमी होते. मुंबईहून निघालेली गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवरील महाबळेश्वरला पोहोचते, तेव्हा तिच्यात काहीही बिघाड नसताना जवळपास १३ टक्के ताकद हवेच्या विरळपणामुळेच गेलेली असते. ७९६ सीसीच्या, चाळीस हॉर्सपॉवरच्याही आतल्या इंजिनाला पाच माणसे आणि सामान घेऊन पसरणी घाट चढताना हा फरक जाणवणारच, त्याला दोष म्हणू नये. परंतु उंचीचा परिणाम हळूहळू होतो आणि चहा पिऊन जात नाही. इंधनाविषयीही तेच म्हणता येईल. सध्या मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये आकारमानाच्या हिशेबाने पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांचे मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेला होता. ही घटही सतत जाणवणारी असते. जो दोष येतो आणि जातो, त्याचे खापर थेट इथेनॉलवर फोडता येत नाही. इथेनॉलने आड वाटेने काय केले ते पुढे येईल.

आता मुख्य तपासणी. घाटात गाडी ताकद सोडू लागली की वळणापासून दूर, रुंद आणि सुरक्षित जागी ती थांबवावी, हॅझार्ड दिवे लावावेत, चाकामागे दगड ठेवावा आणि इंजिन बंद करण्यापूर्वी पुढील निरीक्षण करावे. ताकद जाताना इंजिन गचके देत होते, की मऊपणे, कोणीतरी पेट्रोल हळूहळू बंद करावे तसे मंदावत गेले? मऊपणे मंदावणे आणि ॲक्सिलरेटर थोडा सोडल्यावर उलट किंचित सुधारणे हे पेट्रोल कमी पडत असल्याचे लक्षण आहे. तडतड, गचके, मिसिंग (मधूनच एखादा सिलिंडर न पेटणे), सायलेन्सरमधून फटका असे असेल, तर संशय आधी ठिणगीवर घ्यावा. गचके नाहीत, मंदावणेही नाही, पण एका ठरावीक वेगापुढे इंजिन श्वास अडकल्यासारखे वरच जात नाही, असे असेल तर धुराचा मार्ग तुंबला असण्याची शक्यता मोठी असते.

कार्बोरेटरच्या गाडीत याच वेळी चोकने (मिश्रणातले पेट्रोल वाढवणाऱ्या दांडीने) एक निर्णायक चाचणी करता येते. चढावर ताकद जात असताना चोक थोडासा, पाव भाग ओढावा. गाडीने लगेच उचल खाल्ली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे, यात फारशी शंका उरत नाही. काहीच फरक पडला नाही किंवा इंजिन आणखी गुदमरले, तर पेट्रोलचा माग सोडून द्यावा. गाडी थांबवल्यावर, इंजिन बंद करून, एअर फिल्टरचे झाकण काढून कार्बोरेटरच्या घशात पाहत थ्रॉटल हाताने झटकन उघडावा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी स्पष्ट दिसली पाहिजे. पिचकारी येत नसेल किंवा थेंबथेंब येत असेल, तर फ्लोटच्या भांड्यात (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) बहुधा पेट्रोलच नाही. ही चाचणी लगेच करावी, दहा मिनिटांनी तिला अर्थ राहत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बघ्यांना या वेळी दूर ठेवावे, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण घाटात ती येते.

ज्यांच्या गाडीला सीएनजी बसवलेला आहे, त्यांना याहून सोपी चाचणी उपलब्ध आहे. दोष आला की चालू गाडीत बटण फिरवून इंधन बदलावे. पेट्रोलवर दम टाकणारी गाडी गॅसवर नीट चढू लागली, तर टाकीपासून कार्बोरेटर किंवा इंजेक्टरपर्यंतच्या मार्गातच दोष आहे. दोन्हींवर सारखीच रडत असेल, तर ठिणगी, सायलेन्सर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचा जोर) यांपैकी काहीतरी आहे. गॅसवर ताकद मुळातच थोडी कमी असते आणि गॅस पेटवायला ठिणगीही अधिक जोरकस लागते, त्यामुळे गॅसवर जास्त त्रास आणि पेट्रोलवर कमी, असे चित्र दिसले तर ते कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग), वायर किंवा प्लग यांकडे बोट दाखवते.

पेट्रोल कमी पडते आहे असे ठरले, की टाकीपासून सुरुवात करावी, कार्बोरेटरपासून नव्हे. माझ्या मते बहुतेक दुरुस्त्या इथेच उलट्या दिशेने जातात, कारण कार्बोरेटर समोर दिसतो आणि टाकी खाली असते. पहिली पायरी टाकीचे झाकण. पेट्रोल ओढले जाते तितकी हवा टाकीत शिरली पाहिजे. झाकणातील किंवा बाष्पाच्या नळीतील ती वाट धुळीने बंद झाली, की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. दोष हजर असताना झाकण उघडावे. आत हवा खेचली गेल्याचा लांब सुस्कारा ऐकू आला आणि गाडी ताबडतोब पूर्वपदावर आली, तर दोष सापडला. उघडताना थोडासा आवाज निरोगी गाडीतही येऊ शकतो, म्हणून केवळ आवाजावर न जाता, त्याच घाटात झाकण अर्धवट सैल ठेवून थोडे अंतर चढून पाहावे. खात्री पटल्यावर मात्र झाकण त्याच दिवशी बदलावे किंवा बाष्पाची नळी मोकळी करून घ्यावी, सैल झाकणाने गाडी वापरत राहू नये. दुसऱ्या गाडीचे दिसायला सारखे पण हवेची वाट नसलेले झाकण बसवल्यामुळेही हाच दोष निर्माण होतो, तेव्हा झाकण अलीकडे बदलले होते का, हे आठवावे.

झाकण उघडून फरक पडला नाही, पण इंजिन बंद करून पाच-सात मिनिटांनी गाडी बरी होते, असे असेल तर टाकीतील जाळीकडे जावे. जुन्या पत्र्याच्या टाकीत गंज, गाळ आणि कुठल्या तरी जुन्या डिंकासारख्या थराचे तुकडे असतात. पेट्रोल जोरात ओढले जात असताना ते पिकअप पाइपच्या जाळीला चिकटून तिचे तोंड बंद करतात, आणि इंजिन बंद झाले की ओढ संपते, तुकडे खाली पडतात आणि जाळी मोकळी होते. विश्रांतीनंतर गाडी का सुधारते याचे हे सर्वांत साधे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उत्तर आहे. इथेनॉलची आड वाट हीच. इथेनॉल जुने थर सोडवते, त्यामुळे वर्षानुवर्षे टाकीच्या तळाशी निपचित पडलेला गाळ सुटून जाळी आणि फिल्टरमध्ये येऊन बसतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने अर्धी टाकी भरून उभ्या ठेवलेल्या गाडीत पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. अशा गाडीचा फिल्टर फक्त बदलणे व्यर्थ आहे. टाकी खाली उतरवून, रिकामी करून, धुऊन, वाळवूनच पुन्हा बसवावी लागते. टाकीत पेट्रोल भरपूर असताना दोष येत नाही आणि पाव टाकीवर येतो, असा फरक दिसत असेल, तर टाकीविषयीचा संशय पक्का धरावा.

टाकीनंतर नळ्या. पेट्रोल ओढणाऱ्या बाजूच्या रबरी नळीला चीर गेली असेल, तर बाहेर थेंबही गळत नाही, उलट पेट्रोलबरोबर हवा आत ओढली जाते. जुने रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते आणि आतून सोलले जाते, म्हणून वरून धडधाकट दिसणारी नळीही दाबून पाहावी. दाबल्यावर ती लगदा वाटली किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाची नवी नळी टाकीपासून इंजिनपर्यंत एकदमच घालून घ्यावी. तुकड्यातुकड्याने बदलण्यात वाचलेले पैसे पुढच्या घाटात खर्च होतात.

पंपाची गोष्ट दोन प्रकारच्या गाड्यांत वेगवेगळी आहे. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनावर बसवलेला, कॅमने हलणारा यांत्रिक पंप असतो. त्यातील पडदा कडक झाला किंवा त्याच्या झडपा नीट बसेनाशा झाल्या, की गावात पुरेल इतके पेट्रोल तो देतो आणि चढावर देत नाही. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून बाटलीत धरावी, ठिणगी उडू नये म्हणून कॉइलची जोडणी काढावी आणि स्टार्टर फिरवावा. प्रत्येक फेऱ्याला जाड, ठाशीव पिचकारी आली पाहिजे. हे थंड इंजिनावर करून भागत नाही, दोष आल्यावर गरम असतानाच करावे. उन्हाळ्यात दुपारी पंपातच किंवा नळीतच पेट्रोल उकळून बाष्प अडकण्याचा प्रकारही याच वर्गात येतो. पंपावर ओले फडके ठेवले की गाडी चालू लागते, हा घाटातल्या जुन्या चालकांचा उपाय निदान म्हणून आजही उपयोगी आहे: फडक्याने फरक पडत असेल, तर पंप आणि इंजिन यांमधले उष्णतारोधक जाड पॅकिंग जागेवर आहे का, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टला चिकटून गेलेली नाही ना, ते पाहावे. पंप उघडणाऱ्याने ते पॅकिंग फेकून साधे कागदी गॅसकेट लावल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

एमपीएफआय गाडीत पंप विजेचा आणि टाकीच्या आत असतो. येथे अंदाजाला जागा नाही, दाब मोजावा लागतो. लांब नळीचा प्रेशर गेज जोडून तो बाहेरून काचेवर घट्ट बांधावा आणि सोबत्याला आकडे पाहायला बसवून घाट चढावा. पेट्रोलची नळी आणि गेज काचेच्या बाहेरच राहिले पाहिजेत. दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असलेल्या प्रणालीत आयडलिंगला दाब साधारण अडीच किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तीन किलोच्या आसपास जातो. ताकद जात असताना दाबही घसरत असेल, तर पंप, जाळी किंवा फिल्टर यांवर शिक्कामोर्तब झाले. नवा पंप आणण्यापूर्वी मात्र पंपाच्या जोडणीवर येणारे व्होल्टेज पंप चालू असताना मोजावे. बॅटरीच्या तुलनेत तेथे व्होल्टभराहून अधिक कमी मिळत असेल, तर दोष रिलेत, कनेक्टरमध्ये किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये आहे आणि नवा पंपही तसाच रडेल.

पेट्रोल शेवटपर्यंत मुबलक पोहोचत आहे असे सिद्ध झाले, तरच ठिणगीकडे वळावे. इथे बरे होण्याची वेळ मोठी असते. झाकण उघडून फायदा नाही, पाच मिनिटे थांबून फायदा नाही, पण बॉनेट उघडे ठेवून अर्धा तास गेला की गाडी सुरळीत होते, अशी लक्षणे गरम झाल्यावर दगा देणाऱ्या कॉइलची किंवा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमधील (प्रत्येक प्लगला वेळेवर वीज वाटणाऱ्या भागातील) मॉड्यूलची असतात. दोष हजर असताना एक जादा प्लग वायरला जोडून, तो इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून, स्टार्टर फिरवून ठिणगी पाहावी. निळसर आणि कडक आवाजाची ठिणगी चांगली, पिवळी, अशक्त आणि अनियमित ठिणगी वाईट. प्लग हाताने धरू नये आणि चालू इंजिनाची वायर उपटून सिलिंडर तपासण्याची जुनी सवय एमपीएफआय गाडीत तरी सोडून द्यावी, कारण त्याने मॉड्यूल जळू शकते आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या मार्गातील धूर शुद्ध करणाऱ्या जाळीत) जाऊन तो तापतो. कॉइल बदलताना मूळ गाडीत रेझिस्टरसह चालणारी कॉइल होती की रेझिस्टरविना, हे पाहूनच नवी घ्यावी. रेझिस्टरची कॉइल थेट बारा व्होल्टवर लावली, की ती सुरुवातीला झकास ठिणगी देते आणि तापून तापून थोड्याच काळात मरते.

पॉइंट (कॉइलची वीज जोडणारी-तोडणारी टोके) आणि कंडेन्सर असलेल्या सुरुवातीच्या गाड्यांत कंडेन्सर गरम झाल्यावर निकामी होण्याचा दोष अगदी याच रूपात येतो. पॉइंटची तोंडे भराभर जळत असतील, तर आधी कंडेन्सर बदलावा. तो स्वस्त आहे आणि त्याची खात्रीची तपासणी करण्याची साधने सहसा जवळ नसतात. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आपोआप मागे पडते, इंजिन सुस्त होते आणि तापतेही. टायमिंग तपासायचे तर टायमिंग लाइटनेच तपासावे आणि रेस वाढवल्यावर खूण पुढे सरकते का तेही पाहावे. इथे एक बारकावा आहे. व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (व्हॅक्यूमच्या जोरावर ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेचा) पडदा फाटल्याने मायलेज आणि हलक्या थ्रॉटलवरची उचल बिघडते, पण ॲक्सिलरेटर तळाला असताना तेथे व्हॅक्यूम जवळजवळ नसतेच, त्यामुळे चढावरच्या तक्रारीत पडद्यापेक्षा डिस्ट्रिब्युटरच्या आतील फिरती वजने आणि त्यांच्या स्प्रिंगा महत्त्वाच्या. ती गंजून अडकली असतील, तर कितीही टायमिंग लावले तरी वरच्या वेगात गाडी मेलेलीच राहते. प्लगच्या वायरी रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून, स्प्रेने बारीक पाणी उडवून पाहाव्यात. गळणारी वीज डोळ्यांना दिसते.

थांबूनही जो दोष बरा होत नाही आणि घाटागणिक वाढत जातो, तो बहुधा धुराच्या मार्गातला असतो. चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना एप्रिल १९९५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तर शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून २००० मध्ये हटले. मधल्या काळातल्या गाड्यांच्या कन्व्हर्टरच्या नशिबी अधूनमधून शिसेयुक्त पेट्रोल आले आणि त्यानंतर वर्षानुवर्षांचे मिसिंग. आतील सिरॅमिकची जाळी वितळते किंवा सुटून तिचे तुकडे मार्ग अडवतात. जुन्या सायलेन्सरमध्ये आतला पत्रा गंजून पडल्यानेही तोच परिणाम होतो, आणि बाहेरून सायलेन्सर पूर्ण शाबूत दिसतो. ही तपासणी व्हॅक्यूम गेजने सोपी होते. समुद्रसपाटीला निरोगी इंजिनाचा गेज आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतो, दर हजार फुटांना एक इंच वजा करावा, म्हणजे पुण्यात १५ ते १९ इंच ठीक समजावेत. रेस मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर स्थिर धरावी. काटा सुरुवातीला नीट राहून मग सावकाश, न थांबता खाली येऊ लागला, तर धूर बाहेर पडत नाही. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत तो काढून त्या भोकात दाबाचा गेज लावला, तर अडीच हजार फेऱ्यांवर पाव किलोपर्यंतही दाब जाता कामा नये. मात्र कन्व्हर्टर स्वतःहून क्वचितच तुंबतो, त्याला मिसिंगने किंवा जास्त पेट्रोलने मारलेले असते. ते मूळ कारण न शोधता नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. जाळी ठोकून काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो बेकायदेशीर आहे आणि दोषाचे मूळही त्याने जागेवरच राहते.

एमपीएफआय गाडीत स्कॅनर लावावा का, असा प्रश्न येतो. भारतात ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या व्यवस्थेचा) पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या गाड्या बाजारातल्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरशी बोलतीलच असे नाही. त्या काळच्या सुझुकी बनावटीच्या अनेक गाड्यांत डायग्नोसिस कनेक्टरच्या ठरावीक दोन टोकांना तारेने जोडले, की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो आणि १२ हा कोड सर्व ठीक असल्याचा असतो; कोणती टोके जोडायची ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच पाहावे, चुकीची टोके जोडू नयेत. कोड नाही म्हणजे दोष नाही, असे मात्र मानू नये. पेट्रोलचा दाब कमी आहे हे त्या काळच्या कॉम्प्युटरला कळतच नाही. एमएपी सेन्सरची (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची) बारीक रबरी नळी तडकलेली आहे का आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे का, या दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, कॉम्प्युटर ते थंड समजून पेट्रोल जास्त देत राहतो आणि मायलेज, ताकद, कन्व्हर्टर असे तिन्हींचे नुकसान होते.

कॉम्प्रेशनची चाचणी मी शेवटी ठेवली आहे, पण सीएनजीवर बराच चाललेल्या गाडीत ती आधी करावी. गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट अधिक झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली) फट हळूहळू नाहीशी होते. थंड असताना व्हॉल्व्ह जेमतेम बसतो, गरम झाल्यावर लांबून तो पूर्ण बंदच होत नाही. म्हणजे दोष पुन्हा गरम झाल्यावरच येतो, आणि माणूस कॉइल बदलत बसतो. म्हणूनच कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, ठिणगी आणि पेट्रोल तोडून, चांगल्या बॅटरीवर मोजावे. मॅन्युअलमधला आकडा प्रमाण; छोट्या पेट्रोल इंजिनात तो साधारण १२ ते १४ किलो असतो आणि सिलिंडरांमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक नसावा. कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा ठळक वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील, तर त्यांच्या मधले गॅसकेट उडाले आहे. टॅपेट नीट लावूनच हे मोजमाप मानावे, कारण केवळ टॅपेटची फट दुरुस्त केल्याने गेलेले कॉम्प्रेशन परत येते आणि हेड उतरवण्याचा खर्च वाचतो. टायमिंग बेल्ट एक दात सरकल्याची शंका फक्त तेव्हा घ्यावी, जेव्हा ताकद बेल्ट बदलल्यापासूनच आणि थंड-गरम सर्व काळ कमी असेल.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काढलेला भाग चाचणी होईपर्यंत फेकू नये. चाचणी शहरात फेरी मारून घेऊ नये. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्याने खंबाटकी घाटाचा जुना रस्ता चढावा, तेथपर्यंत गाडी तासभर चालून पुरेशी तापलेलीही असते. कोकणातल्यांना कुंभार्ली किंवा आंबा घाट आहेच. ज्या परिस्थितीत दोष येत होता तीच पुन्हा जमवावी: दुपारचे ऊन, पूर्ण भार, पाव टाकी पेट्रोल, आणि न थांबता केलेला प्रवास. सकाळच्या गारव्यात, एकट्याने, भरल्या टाकीने घाट चढून आलेली गाडी दुरुस्त झाली आहे असे धरू नये.